घाम खोटा येत नाही

बैठकीच्या लावणीत नाचणारी बाई बसलेली असते. लावणी म्हणजे ढोलकीचा कडकडाट, शिट्ट्या आणि उडणारे फेटे, एवढंच ज्यांनी सिनेमात पाहिलं आहे त्यांना पहिला धक्का इथेच बसतो. नऊवारी नीट सावरलेली, एक पाय मुडपलेला, दुसरा गुडघा किंचित उभा, पायातले चाळ निऱ्यांखाली गप्प. बाजूला पेटी आणि तबला. गाणारी तीच, नाचणारीही तीच. नाचायला तिच्याकडे उरतं काय, तर डोळे, भुवया, ओठ, मान, दोन हात आणि पदराचं टोक.

समजा, ओळीत एवढंच आहे की सख्याला यायला उशीर झाला. ती ओळ एकदा म्हणते आणि मान फिरवते. हा राग. तबलजी ठेका धरून राहतो, ओळ पुन्हा येते, आणि आता तिची नजर दारापर्यंत जाऊन परत येते. वाटेत काही बरंवाईट तर झालं नसेल? तिसऱ्या खेपेला नजर त्याच्या खांद्यापाशी अडते. तिथे काहीतरी दिसलं आहे. भुवई जेमतेम हलते, पण सबंध बैठकीला कळतं की कुणा दुसरीच्या गजऱ्यातली पाकळी त्या खांद्यावर चिकटून आलेली आहे. चौथ्यांदा ती स्वतःच्याच संशयावर हसते. पाचव्यांदा ओळ अर्धीच म्हणते, हात मांडीवर सोडून देते, आणि त्या सोडलेल्या हातात सबंध रात्र जागून काढल्याचा शीण असतो. शब्द तेच, चाल तीच. बदलल्या त्या दोन भुवया आणि एक हात.

याला अदा म्हणतात. वाईच्या यमुनाबाई वाईकर (१९१५–२०१८) यांनी गळा आणि अदा या दोन्हींच्या जोरावर बैठकीची लावणी देशभर नेली. १९७७ साली त्यांना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला आणि २०१२ साली, वयाच्या शहाण्णवाव्या वर्षी, पद्मश्री. कोल्हाटी समाजातल्या घरांमध्ये ही विद्या आईकडून, मावशीकडून मुलीकडे येत गेली.

आता प्रश्न असा की या बाईने ही ओळ आयुष्यात हजारो वेळा म्हटलेली असते. समोर बसलेला माणूस तिचा सखा नसतो. कुणी अडत्या असतो, कुणी बागायतदार, कुणी नुसता कंटाळलेला. तिच्या स्वतःच्या डोक्यात त्या रात्री पोराच्या शाळेची फी असू शकते. तरीही एखाद्या क्षणी तिचे डोळे खरंच भरतात आणि समोरच्या अडत्याच्या अंगावर काटा येतो. यातलं खरं किती आणि सोंग किती?

हा प्रश्न सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी एका ग्रंथकाराला पडला होता आणि त्याने तो जवळजवळ याच शब्दांत विचारला आहे. नाट्यशास्त्राच्या सातव्या अध्यायात भरतमुनी म्हणतात, ज्याला दुःख झालेलंच नाही त्याने रडायचं कसं? जो सुखात नाही त्याने आनंद दाखवायचा कसा? नाचगाण्याच्या शास्त्रात हातांच्या मुद्रा, पायांच्या चाली, डोळ्यांचे प्रकार यांच्या याद्या असणार हे आपण गृहीत धरतो, आणि त्या आहेतच. पण त्याच ग्रंथात भरताने एक यादी वेगळी काढून ठेवली आहे. ती वाचताना मी थक्क होतो.

एकूण एकोणपन्नास भाव तो मोजतो. आठ स्थायी, तेहतीस संचारी आणि उरलेले आठ सात्त्विक. हे आठ असे: अंग जागच्या जागी थिजणं म्हणजे स्तंभ, मग स्वेद म्हणजे घाम, रोमांच, आवाज फुटणं किंवा बदलणं म्हणजे स्वरभेद, थरकाप म्हणजे वेपथू, चेहऱ्याचा रंग उडणं म्हणजे वैवर्ण्य, अश्रू आणि शुद्ध हरपणं म्हणजे प्रलय.

या आठांमध्ये समान काय आहे ते बघा. हात वर करा म्हटलं तर आपण करतो. भुवया उडवा म्हटलं तर उडवतो. पण घाम आणा म्हटलं तर? गाल पांढरे करा, अंगावर काटा आणा, असा हुकूम शरीराला सोडून बघा. शरीर ऐकत नाही. प्रत्येक केसाच्या मुळाशी एक इवलासा स्नायू असतो, तो आवळला की केस उभा राहतो. या स्नायूची दोरी आपल्या इच्छेच्या हातात नसते. ती असते स्वायत्त चेतासंस्थेकडे, म्हणजे हृदयाचे ठोके, घामाच्या ग्रंथी, डोळ्यातलं पाणी आणि कातडीखालच्या रक्तवाहिन्या आपल्याला न विचारता चालवणाऱ्या यंत्रणेकडे. मज्जातंतूंचा नकाशा कुणाच्या स्वप्नातही नव्हता अशा काळी भरताने अभिनयाच्या अफाट पसाऱ्यातून नेमक्या त्या गोष्टी वेचून बाजूला ठेवल्या, ज्यांतल्या बहुतेक माणसाला ठरवून करता येत नाहीत. ही त्याची नजर. रंगमंचाजवळ बसून त्याने, किंवा त्याच्या नावावर लिहिणाऱ्या पिढ्यांनी, नटांचे चेहरे किती जवळून न्याहाळले असतील!

आणि मग तो उत्तर देतो. या आठ गोष्टी मनातून उपजतात आणि मन समाहित झालं, एकाग्र झालं, तरच उपजतात. दुसरीकडे भटकणाऱ्या मनाच्या माणसाला त्या येत नाहीत. दुःख खरोखर झालेलं असलं पाहिजे अशी अट त्याने घातलेली नाही. मन मात्र सगळंच्या सगळं तिथे हवं.

फ्रान्समध्ये अठराव्या शतकात दनी दिदरो या तत्त्वज्ञालाही हाच भुंगा लागला. नटाच्या विरोधाभासाविषयीचा त्याचा संवाद त्याच्या मृत्यूनंतर, १८३० साली, छापून आला. त्याचं म्हणणं सरळ उलट होतं. थोर नटाला स्टेजवर काहीही वाटत नसतं. त्याचं डोकं बर्फासारखं थंड असतं, म्हणूनच तो रोज रात्री तेच अश्रू त्याच जागी ढाळू शकतो. ज्याला खरंच वाटतं तो पहिल्या प्रयोगाला पेटतो आणि तिसऱ्याला विझतो. दिदरोचा मुद्दा झटकून टाकता येत नाही. रोजच्या प्रयोगाचं गणित त्याला नीट कळलं होतं. पण घामाचं काय, याचं उत्तर त्याच्याकडे नाही.

प्रयोगशाळेने यात हात घातला तो बराच उशिरा. १८६२ साली द्युशेन नावाच्या फ्रेंच डॉक्टरने चेहऱ्याच्या स्नायूंना विजेचे बारीक झटके देऊन भाव उमटवले आणि त्यांचे फोटो छापले. ओठांचे कोपरे वर खेचले की हसू दिसतं, पण ते पटत नाही, हे त्याच्या लक्षात आलं. खऱ्या आनंदात डोळ्यांभोवतीचा गोल स्नायूही आवळतो आणि डोळ्यांच्या कडांना सुरकुत्या पडतात. हा स्नायू हुकूम मानत नाही असं त्याचं मत होतं. पुढे दिसलं की बऱ्याच जणांना तोही जमतो. लावणीच्या बैठकीत हे कुणी विचारलं असतं तर दीडशे वर्षं वाचली असती.

खरी गंमत १९८३ सालची. पॉल एकमन, रॉबर्ट लेव्हन्सन आणि वॉलेस फ्रीझन यांनी व्यावसायिक नट आणि चेहऱ्यांचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञ यांना बसवलं आणि एकेक स्नायू हलवायला सांगितला. भुवया वर घ्या. आता त्या एकमेकींजवळ आणा. वरच्या पापण्या ताणा. ओठ आडवे खेचा. भावनेचं नाव घेतलेलंच नव्हतं. पण चेहरा भीतीचा झाला की नाडी वाढायची. रागाचा झाला की नाडी तर वाढायचीच, शिवाय बोटांचं तापमानही चढायचं. त्याच लोकांना जुने प्रसंग आठवून भावना जागवायलाही सांगितलं होतं. आठवणींपेक्षा चेहऱ्याच्या कवायतीतून उमटलेले फरक जास्त ठळक निघाले! म्हणजे चेहरा पुढे चालला आणि काळीज मागून आलं.

मग हीच मंडळी १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पश्चिम सुमात्राच्या मिनांगकबाऊ लोकांकडे पोचली. तिथेही चेहऱ्यामागून शरीर गेलं, पण ‘मला तसं वाटलं’ असं म्हणणारे फार कमी निघाले. शरीर हललं, मन हललं नाही. प्रत्येक भावनेची शरीरावर स्वतःची वेगळी खूण असते का, यावर शास्त्रज्ञांमध्ये आजही जुंपलेली आहे. दातांत पेन धरलं की व्यंगचित्र जास्त विनोदी वाटतं, असा एक गाजलेला प्रयोग १९८८ साली झाला होता. २०१६ मध्ये सतरा प्रयोगशाळांनी तो पुन्हा करून पाहिला आणि तो काही उभा राहिला नाही. पण २०२२ साली एकोणीस देशांतल्या जवळपास चार हजार लोकांवर केलेल्या अभ्यासात दिसलं की हसरा चेहरा पाहून तसाच चेहरा केला, किंवा सूचनेप्रमाणे ओठ ताणले, तर थोडासा आनंद वाढतो. पेनाच्या युक्तीचा परिणाम मात्र तिथेही संशयातच राहिला. शास्त्रज्ञ असं म्हणणार नाहीत, पण मी म्हणतो: भरताची अट इथे पुन्हा दिसते. दातात पेन धरणाऱ्याचं मन पेनात असतं. दुसऱ्याच्या हसण्यासारखं हसायला निघालेल्याचं मन हसण्यात असतं.

केरळच्या कूडियाट्टमवाल्यांनी या वाटेने फार पूर्वीच मजल मारली आहे. या संस्कृत रंगपरंपरेत चाक्यार नट वर्षानुवर्षं नुसते डोळे फिरवायला शिकतात आणि कोणत्या रसात श्वास कुठे, कसा धरायचा याची तालीम घेतात. अम्मन्नूर माधव चाक्यार (१९१७–२००८) यांचा वालीचा मृत्यू ज्यांनी पाहिला ते आजही त्याबद्दल हलक्या आवाजात बोलतात. बाणाने कोसळलेला वाली कितीतरी वेळ मरत राहतो. श्वास लांबतो, अडतो, उचकीसारखा तुटतो, डोळ्यांतली नजर हळूहळू कुणाकडेच बघेनाशी होते. हे सगळं श्वासावर बसवलेलं, पूर्ण बेतलेलं. आणि तरीही पाहणाऱ्याचा घसा कोरडा पडतो.

चिलीतल्या सुसाना ब्लॉक या संशोधक बाई वेगळ्या दारातून याच खोलीत शिरल्या. श्वासाची लय, शरीराची ठेवण आणि चेहरा हे तिन्ही ठरावीक प्रकारे जुळवले की नटाच्या मनात भावना उभी राहते, असं त्यांना आढळलं आणि त्यावरून त्यांनी नटांसाठी शिक्षणपद्धत बेतली. पण तिच्यातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा भाग वेगळाच आहे. नटांची भावना तालीम संपल्यावरही उतरत नव्हती. राग काढलेला माणूस घरी जाऊन धुमसत बसायचा. म्हणून बाईंनी बाहेर पडायचीही रीत शिकवली: सावकाश खोल श्वास, चेहऱ्यावरून हात, उभं राहण्याची पद्धत बदलणं. आपल्या बैठकीत हे कुणी शिकवत नाही, पण होतं तेच. लावणी संपते, बाई पदर पुन्हा खोचते, तबलजीशी काहीतरी हळू बोलून हसते, पाण्याचा घोट घेते. दोन मिनिटांपूर्वी जागरणाने मोडून पडलेली ती हीच का, असा प्रश्न पडतो.

हे झालं नाचणारीचं. पण अडत्याच्या अंगावर काटा का येतो? त्याने तर काहीच केलेलं नाही, लोडाला टेकून बसला आहे.

लंडनमध्ये २००५ साली बॅले नाचणारे आणि कापोएरा हा ब्राझीलचा नाच-युद्धकलेचा प्रकार करणारे यांना मेंदूची हालचाल टिपणाऱ्या स्कॅनरमध्ये झोपवलं आणि दोन्ही नाचांच्या चित्रफिती दाखवल्या. हलायचं नाही, फक्त बघायचं. बॅलेवाल्यांचा मेंदू बॅले बघताना जास्त जागा झाला, कापोएरावाल्यांचा कापोएरा बघताना, आणि जागे झालेले भाग तेच, जे स्वतः हालचाल करताना कामाला लागतात. पुढच्याच वर्षी याहून बारीक प्रयोग झाला. बॅलेत काही हालचाली फक्त पुरुष करतात, काही फक्त बायका. दोघं एकत्र तालीम करतात, त्यामुळे एकमेकांच्या हालचाली त्यांनी हजारदा पाहिलेल्या असतात, फक्त केलेल्या नसतात. तरीही मेंदू जास्त जागा झाला तो स्वतःच्या अंगाने केलेल्या हालचालींनाच. डोळ्यांनी पाठ असणं आणि अंगाने पाठ असणं यांत फरक पडतो.

आपल्यापैकी फार थोड्या जणांनी लावणी केलेली असते. पण दाराकडे लागलेली नजर, मांडीवर गळून पडलेला हात, हुंदका आवरताना दाबलेले ओठ हे कुणी केलेलं नाही? अदा अंगाला ओळखीची असते. म्हणून बारा तोडे आणि सत्तावीस चकरा पाहून आपण टाळ्या वाजवतो, आणि एका भुवईने घायाळ होतो. इसवी सन एक हजारच्या आसपास काश्मीरमध्ये नाट्यशास्त्रावर टीका लिहिणाऱ्या अभिनवगुप्ताने बजावून ठेवलं की रसाच्या आड येणाऱ्या अडचणींतली एक म्हणजे प्रेक्षकाचं स्वतःच्याच सुखदुःखात बुडून राहणं. गाणं, वाद्यं, सजवलेलं सभागृह यांचं काम त्याला तिथून उपसून बाहेर काढायचं. म्हणजे मन लागण्याची अट लोडाला टेकलेल्या माणसालाही सुटलेली नाही.

याच अटीची रोजच्या आयुष्यातली बाजू पाहायची तर १९८३ सालचं समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉकशील्ड यांचं पुस्तक वाचावं. त्यांनी विमानातल्या हवाई सुंदरींचा अभ्यास केला. हसणं हा या मुलींच्या नोकरीचा भाग. हॉकशील्ड यांनी दोन प्रकार पाहिले. काही जणी वरवर हसायच्या, आत धुसफूस तशीच. काही जणी मनालाच वळवायच्या. तापट प्रवाशाकडे पाहून स्वतःला सांगायच्या की हा घाबरलेला असेल, पहिल्यांदा विमानात बसला असेल. मग राग उरायचाच नाही. पुढे झालेल्या अनेक अभ्यासांत पहिल्या प्रकारातले लोक जास्त थकलेले, पिचलेले आढळले. बँकेच्या काउंटरवर, दवाखान्याच्या खिडकीत, पाहुण्यांसमोर चहाचा ट्रे धरून उभ्या असलेल्या आपण सगळ्यांनी हे दोन्ही केलेलं आहे आणि कशाने जास्त दमायला होतं तेही आपल्याला माहीत आहे.

मात्र नाचायला दरवेळी प्रेक्षक लागतो असंही नाही. वारीत दिवसभर चालून पाय सुजलेले असतात, आणि टाळ-मृदंगाचा ठेका धरला की तेच पाय पावली खेळायला लागतात. साठीच्या दोन बायका दिंडीच्या कडेला फुगडी धरतात. कोण बघतंय याचं त्यांना काही पडलेलं नसतं. ब्राझीलमधल्या शाळकरी मुलांवर २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मुलांना गटाने नाचवलं आणि नंतर दंडाला रक्तदाब मोजायचा पट्टा बांधून फुगवत नेला. जे एका तालात, एकसारखे नाचले होते त्यांना जास्त दाब सोसवला. सगळं अंग हलवून नाचलेल्यांनाही तो जास्त सोसवला. वरातीत बँडसमोर आयुष्यात पहिल्यांदाच हात वर करणारे काका मला या अभ्यासामुळे अधिक आवडू लागले आहेत. तालाशी त्यांचा संबंध नसतो, पण मन शंभर टक्के तिथेच असतं.

नाचाच्या वेडाची गोष्ट निघाली की आपल्याकडे विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांचं नाव येतंच. दिवस भरलेले असताना त्या फडावर उभ्या होत्या, कळा सुरू झाल्या, कनातीमागे बाळंत झाल्या, नाळ दगडाने तोडली आणि प्रेक्षक थांबले आहेत म्हणून पुन्हा चाळ बांधून उभ्या राहिल्या, असं सांगतात. ही गोष्ट आपण कलेवरच्या निष्ठेची म्हणून सांगतो. मला ती ऐकताना दरवेळी बाहेर बसलेल्या प्रेक्षकांचा राग येतो. विठाबाईंची निष्ठा खरीच होती. पण ज्या फडाचा रोजचा शिधा त्या रात्रीच्या तिकिटांवर होता, त्या फडाच्या मालकिणीला ‘आज खेळ नाही’ म्हणायची सोय किती होती, हेही त्या गोष्टीत धरलं पाहिजे. राष्ट्रपतींच्या हस्ते गौरव झालेल्या या तमाशासम्राज्ञीची शेवटची वर्षं हलाखीत गेली. २००२ साली त्या वारल्या. आता राज्य सरकार त्यांच्या नावाने जीवनगौरव पुरस्कार देतं.

चौफुला, मोडनिंब, जामखेड इथे संगीतबारीची, म्हणजे गाण्या-नाचाच्या लावणीची, थिएटरं आहेत आणि शहरांतही अधूनमधून बैठकीच्या लावणीचे कार्यक्रम होतात. एकदा जाऊन बघा. बायकांनीही जावं, जरूर जावं. पुढे बसा, चेहरा दिसेल इतकं पुढे, आणि फोन खिशात ठेवा, कारण ती पाकळी कॅमेऱ्यात दिसत नाही. ओळ तिसऱ्यांदा आली की फक्त डोळ्यांकडे लक्ष द्या. आणि उठताना बिदागीला हात आखडू नका.